डोकं कुठे ठेवावं?

ब्रह्मदेवानं माणूस घडवताना डोकं सगळ्यांत वर ठेवलं आणि हात त्याच्यापासून चांगले लांब लटकवले, यामागे त्याचा काहीतरी हिशेब असला पाहिजे. हातांना दिवसभर मार खावा लागतो. ते भाजतात, चिरतात, चिकट होतात, दारात सापडतात. मेंदू जर तळहातात असता तर आपल्यापैकी निम्मे लोक शाळेतच, छड्या खाताना, कायमचे निकामी झाले असते. (आमचे एक गुरुजी हातावर छडी मारून ‘आता तरी डोक्यात शिरतंय का?’ असं विचारीत. त्यांनी शरीरशास्त्र निराळ्या पुस्तकातून शिकलेलं असावं.)

ब्रह्मदेवाची ही व्यवस्था उलटीपालटी करणारं एक यंत्र गेली काही वर्षं आमच्या घरात नांदतं आहे. दिसायला तो साधा कीबोर्ड. वरून पांढरा, खालून लालसर, आकारानं शाळेच्या पाटीपेक्षा थोडा मोठा. शेजारी संगणकाचं खोकं मात्र नाही. ते कुठे आहे म्हणून टेबलाखाली वाकून बघणारे पाहुणे आमच्याकडे पुष्कळ येऊन गेले. खोकं नाहीच! सगळा संगणक त्या कीबोर्डाच्या पोटात आहे. बोटं जिथे आपटतात त्याच्या बोटभर खाली मेंदू!

याचं नाव रास्पबेरी पाय ४००. नोव्हेंबर २०२० मध्ये हा ७० डॉलर किमतीला बाजारात आला, आणि पुढे चिरंजीवांनी आजीनं निकालाला दिलेल्या पैशांत थोडी माझी भर घालून तो घरात आणला. (‘थोडी’ हा शब्द चिरंजीवांचा.) नाव ऐकून आई म्हणाली,

“पाय कसला? हातानं तर चालवतोयस.”

“आजी, हा पाय म्हणजे पायथनमधला पाय. पायथन ही संगणकाची भाषा आहे.”

“पायथन म्हणजे अजगर ना रे?”

“हो.”

“मग अजगराला पाय कुठून आला?”

यावर चिरंजीव गप्प बसले. इंग्लंडातल्या ज्या शहाण्या लोकांनी हे नाव ठेवलं, त्यांच्या घरी बहुधा आजी नसावी.

या यंत्राचं आकर्षण काय, हे ज्याचा संसार दोन खोल्यांत आहे त्याला सांगावं लागत नाही. काम झालं की ते उभं करून कपाटामागे सरकवता येतं. आमच्या घरात हा मान आजवर फक्त पोळपाटाला आणि पाहुण्यांच्या घडीच्या खाटेला होता. जी वस्तू नाहीशी होऊ शकते तिच्याबद्दल गृहिणीच्या मनात आदर निर्माण होतो. माझ्याबद्दल तो का नाही, याचं उत्तर मला त्यातच सापडलं.

चिरंजीवांची समजूत अशी, की हा शोध अगदी नवा. मी बँकेतला माणूस. कुठलंही खातं समोर आलं की मागची पानं चाळल्याशिवाय मला राहवत नाही. तेव्हा लक्षात आलं, की हे घराणं चांगलं जुनं आहे. १९७७ चा अॅपल टू याच कुळातला. १९८१ साली इंग्लंडात सिंक्लेअरनं झेडएक्स ८१ काढला, तयार यंत्र ७० पौंडांना पाच पेन्स कमी. मेमरी एक केबी! आमच्या बँकेच्या साध्या परिपत्रकालाही तेवढी पुरत नाही. मेमरी वाढवायची तर मागच्या बाजूला १६ केबीची एक ठोकळी अडकवायची. पण ती ठोकळी डुगडुगायची आणि जरा हलली की केलेलं सगळं काम नाहीसं व्हायचं. टाइप तर करायचं, पण यंत्राला जाग येऊ द्यायची नाही. ज्यांनी पाळण्यातलं मूल झोपवून शेजारी बसून दिवाळीचा फराळ केला आहे, त्यांनाच ही विद्या साधली असेल.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, रबरी कळांचा स्पेक्ट्रम आला आणि अमेरिकेत कमोडोर ६४ आला. कमोडोरचे निदान सव्वा कोटी नग खपले असा अंदाज आहे. स्पेक्ट्रमच्या एकेका कळीवर चार-चार पाच-पाच शब्द छापलेले असत. कुठल्या वेळी कुठला अर्थ निघेल हे आधी काय दाबलं त्यावर ठरे. एरवी ही पद्धत फक्त सुनेशी बोलताना वापरली जाते. आपल्याकडेही १९८४ साली सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ नावाची योजना काढली, तेव्हा मुलांसमोर जो बीबीसी मायक्रो ठेवला तो याच जातीचा. आणि १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स नावाच्या कंपनीनं परवाना घेऊन इथे स्पेक्ट्रमसुद्धा विकला. म्हणजे रास्पबेरी हा काही नवा पाहुणा नव्हे. बऱ्याच वर्षांनी माहेरी आलेल्या आत्याचा तो नातू.

त्या जुन्या यंत्रांची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. कमोडोर चालू केला की पडद्यावर ‘रेडी’ असं लिहून तो हुकुमाची वाट बघत बसे. पासवर्ड मागत नसे. आमचं धोरण बदललं आहे, ते तुम्हाला मान्य आहे असं कबूल करा, म्हणत नसे. कळ दाबली की उत्तर त्याच कळीच्या पोटातून येई. मधे कोणी नाही. विचारणारा तुम्ही आणि सांगणारा तो. चुकीचं विचारलंत तर ‘सिंटॅक्स एरर’ असं तोंडावर सांगायचा, पण ‘वरून उत्तर आल्यावर कळवतो’ असं कधी म्हणाला नाही. त्याला ‘वर’च नव्हतं!

आता डोळे. या कुळातल्या यंत्रांना मेंदू असतो, हात असतात, डोळे नसतात. पडदा उसना घ्यावा लागतो, आणि मध्यमवर्गीय घरात मोठा पडदा एकच असतो. इंग्लंडात स्पेक्ट्रमवाल्या पोरांनी घरच्या टीव्हीची अँटेना उपटून आपली वायर खोचली, तेव्हा तिथल्या बापांनी काय केलं असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला हा प्रश्न उभा राहतो. एका बाजूला चिरंजीवांचं शिक्षण, दुसऱ्या बाजूला आईची मालिका, ज्यात गेले चार महिने एक बाई दारात उभी आहे आणि आत कधी येणार ते तिलाही ठाऊक नाही. न्यायानं बघितलं तर टीव्ही आईच्या पेन्शनमधून घेतलेला. पण भविष्य कुणाचं? स्वतःला डोळे नसलेल्यानं दुसऱ्याच्या डोळ्यांवर किती हक्क सांगावा, हा प्रश्न मी तत्त्वज्ञानाच्या पातळीवर बराच वेळ हाताळत होतो. तेवढ्यात हिनं टीव्ही बंद करून दोघांना जेवायला बसवलं.

मी कॉमर्सचा पदवीधर. आम्हा लोकांना कौतुकाचा भर ओसरला की नावेची बाजू दिसू लागते. कीबोर्ड ही मुळात दीर्घायुषी जात. आयबीएमनं १९८५ च्या सुमारास काढलेले ‘मॉडेल एम’ कीबोर्ड हौशी लोक अजून ठोकताहेत. त्यांना जोडलेले संगणक केव्हाच भंगारात गेले. मेंदू हातापेक्षा लवकर शिळा होतो. आयकर खात्यालासुद्धा हे ठाऊक आहे. टेबलखुर्चीवर ते वर्षाला १० टक्के घसारा देतं आणि संगणकावर ४० टक्के. आता दोन निराळ्या आयुष्याचे जीव एकाच कातड्यात शिवले, की काय होणार? आतला मेंदू म्हातारा झाला म्हणून वरचे ठणठणीत हात त्याच्याबरोबर चितेवर चढतात. किंवा एखादी कळ रुसली म्हणून खालचा तरुण मेंदू फुकट जातो. २०२४ च्या डिसेंबरात पाय ५०० आला, दुप्पट मेमरीचा. चिरंजीव म्हणाले, “बाबा, आपल्याकडचं वरचं सगळं छान आहे. फक्त आतलं बदलून मिळालं असतं तर...”

“आमच्या वेळी तशी सोय नव्हती,” मी म्हणालो.

“कशाची सोय?” स्वयंपाकघरातून आवाज आला. विषय तिथेच संपला.

कीबोर्डाला मराठीत कळफलक म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्याला मी मनातून नमस्कार करतो. कारण कळ म्हणजे नुसतं दाबायचं बटण नव्हे. कळ येते, कळ काढतात आणि कळ सोसावीही लागते. तेव्हा कळफलक म्हणजे कळा सोसणारा फलक. बोटांचा मार, बिस्किटांचा चुरा, धूळ, मुंग्या आणि चहा, सगळं त्याच्याच नशिबी. आणि नेमकं त्याच्याच पोटात डोकं ठेवायचं! मला यातला नैतिक प्रश्न हा दिसतो. ज्याला रोज मार खायचा आहे, त्याच्याजवळच अक्कल द्यावी का?

आमच्याकडे चहाचा योग कोल्हापूरच्या एका काकांच्या हातून आला. काका बोलताना हातवारे करतात. कुस्तीची हकीकत होती, समोरचा मल्ल चीत झाला आणि त्याच डावात कपही. साधा कीबोर्ड असता तर पाच-सातशे रुपयांवर निभावलं असतं. इथे सगळा संगणकच गवती चहात न्हाऊन निघाला. तो तीन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. तो तांदूळ इंद्रायणी होता, हे आईनं तिन्ही दिवस सांगितलं.

पण त्या तीन दिवसांत एक विलक्षण गोष्ट घडली. या यंत्राच्या पाठीत नखाएवढं एक कार्ड असतं. केलेलं काम, ठेवलेली चित्रं, सगळं त्या कार्डावर. चिरंजीवांनी ते काढलं, मित्राकडे तसंच यंत्र होतं त्यात खोचलं, आणि मित्राच्या घरच्या पडद्यावर आमच्या आईचा फोटो झळकला. सगळी कामं जिथल्या तिथे. चिरंजीवांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आईनं हातातली वात खाली ठेवली.

“म्हणजे आत्मा निराळा आहे म्हणायचा,” ती म्हणाली. “देह नुसता कपड्यासारखा.”

बारा चातुर्मास प्रवचनं ऐकून तिचा ज्यावर पुरता विश्वास बसला नव्हता, ते काकांच्या एका कपात झालं. काकांबद्दलचा तिचा राग मात्र गेला नाही. तांदूळ इंद्रायणीच होता.

यंत्र वाळलं, जगलं, पण मधली सात-आठ अक्षरं उमटेनात. शेवटी आम्ही त्या कीबोर्डाला दुसरा, साधा, स्वस्तातला कीबोर्ड जोडला. आजही आमच्या टेबलावर दोन कीबोर्ड आहेत. मागचा नुसता विचार करतो आणि पुढचा नुसता मार खातो.

म्हणजे बँकच झाली.

मी २००४ साली बँकेत लागलो, तेव्हा आमच्या तालुक्याच्या शाखेत अजून जाडजूड लेजरं होती आणि सेव्हिंग्जच्या लेजरावर अण्णा होते. अण्णा म्हणजे कमोडोर ६४. हात आणि डोकं एकाच ठिकाणी. त्या वेळी सेव्हिंग्जचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सगळ्यांत कमी शिलकेवर मिळायचं (रोजच्या शिलकेवर मिळायला लागलं ते १ एप्रिल २०१० पासून). अण्णा पानावर नुसती नजर फिरवून ती शिल्लक हेरीत आणि सहामाहीचं व्याज तोंडानं पुटपुटत लिहीत. गिऱ्हाइकानं काउंटरवर हात आपटला की उत्तर तिथल्या तिथे, त्याच हाताखालून. एक म्हातारी बाई पैसे काढायला येई. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची सही नमुन्याशी जुळेना. अण्णांनी स्लिपवर ‘ओळखतो’ असं लिहून खाली आपली सही ठोकली. उद्या काही झालं तर तुमच्या पगारातून जाईल, असं कोणीतरी म्हणालं. अण्णा म्हणाले, “जाऊ दे. माझ्या डोळ्यांनी ओळखलंय, दुसऱ्याच्या पगारातून कसं जाईल?”

या गोष्टीवर डोळे पुसून थांबलो असतो तर लेख सुटसुटीत झाला असता. पण मी जमा लिहिली की नावेही लिहितो. त्याच अण्णांनी वीटभट्टीवरच्या एका मजुराला सही जुळत नाही म्हणून तीन वेळा परत पाठवलेलं मी बघितलं आहे. तो हातही कामानं वाकडा झालेला होता. पण अण्णा त्याला ‘ओळखत’ नव्हते. डोकं हाताशी असलं की हाताच्या आवडीनिवडीही डोक्यात जातात. आणि अण्णांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे शाखेची सहामाही अडली. कुठल्या खात्याचा पुढचा भाग कुठल्या लेजरात नेला आहे, हे अण्णांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांच्या पाठीत कार्ड नव्हतं.

२००७ साली आमच्या शाखेत कोअर बँकिंग आलं. डोकं उचलून दूर कुठेतरी थंड खोलीत नेऊन ठेवलं आणि काउंटरवर आम्ही राहिलो, स्वस्तातले कीबोर्ड. आता इथलं खातं काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कुठेही चालतं. मी आजारी पडलो तर कुणाचं काही अडत नाही. (हे मला सुरुवातीला सुखाचं वाटलं होतं.) म्हातारी असो, मजूर असो, कारखान्याचा चेअरमन असो, सगळ्यांना सारखंच उत्तर, “सिस्टिम घेत नाही.” हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणतो आणि रात्री मला शांत झोप लागते, ही गोष्ट मला थोडी काळजीची वाटते. अण्णांनी मजुरावर अन्याय केला तेव्हा तो निदान अण्णांना शिव्या देत पायरी उतरला. आज जो माणूस हात हलवत परत जातो, त्यानं कुणाला द्यायच्या? माणसानं केलेला अन्याय बरा, की कोणीच न केलेला? मला विचाराल तर आठवड्यातून तीन दिवस मी अण्णांच्या बाजूचा असतो आणि पगाराच्या तारखेच्या आसपास थंड खोलीच्या.

एवढं खरं, की सहीच्या बाबतीत सिस्टिम काही बोलत नाही. ती नमुना पडद्यावर दाखवते आणि गप्प बसते. तिथे अजून कीबोर्डालाच डोकं चालवावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात अण्णा आले, पैसे काढायला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत. हात थरथरतो. स्लिपवरची सही पडद्यावरच्या सहीची लांबची नातेवाईकसुद्धा वाटत नव्हती. मी काही न बोलता ‘ओळखतो’ असं लिहिलं, खाली सही केली आणि पाच हजार रुपये त्यांच्यापुढे सरकवले. अण्णांनी नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“कुणाच्या जबाबदारीवर दिलेस?”

“माझ्या, अण्णा.”

“छान. आणि पुढच्या महिन्यात तुझी बदली झाली म्हणजे? तिथे बसणारा पोरगा मला काय म्हणणार?”

मी गप्प.

“नवीन नमुन्याचा फॉर्म दे. आणि सहीसुद्धा जमेनाशी झाली की अंगठ्याचं काय करायचं, तेही आत्ताच सांगून ठेव.”

मी सांगितलं, की दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. आणि हाताचा उमटत नसेल तर पायाचाही चालतो, रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे.

“म्हणजे शेवटी पायच,” असं पुटपुटत अण्णांनी फॉर्म घेतला, मागच्या माणसाला जागा करून दिली, बाजूच्या बाकावर बसले आणि जीभ दातांत धरून तीन सह्या केल्या. तिन्ही निरनिराळ्या आल्या. मी मधली स्कॅन केली.